दिवस भरण्याआधी कळा आल्यासारखे वाटले तर : जोखमीच्या गरोदरपणासाठी मार्गदर्शक

माझ्या गरोदरपणात २४व्या ते ३५व्या आठवड्यादरम्यान मला चार वेळा रात्री-अपरात्री रुग्णालय गाठावे लागले. तीन वेळा तपासणी करून, त्यांतल्या एकदा दोन दिवस ठेवून घेऊन, मला घरी पाठवण्यात आले; चौथ्या वेळी मुलगी जन्मली. पहिल्या खेपेला मी संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत घरीच थांबले होते, कारण पोट दुखत नव्हते, फक्त थोड्या थोड्या वेळाने कडक होत होते, आणि एवढ्यासाठी सगळ्यांची झोप मोडायची कशी, असे मला वाटत होते. त्या सहा तासांची चूक इतर कोणी करू नये, यासाठी हा लेख लिहिला आहे. तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला काही वेगळे सांगितले असेल तर त्यांचे ऐका, कारण त्यांच्यासमोर तुमचे कागद आहेत आणि माझ्यासमोर नाहीत.

महिने नव्हे, आठवडे मोजा

३७ आठवडे पूर्ण होण्याआधी झालेल्या प्रसूतीला मुदतपूर्व प्रसूती म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे अशी लवकर जन्मली, म्हणजे साधारण दहातले एक. पण ही सगळी बाळे सारखी नसतात. २८ आठवड्यांच्या आत जन्मलेले बाळ, २८ ते ३२ आठवड्यांचे बाळ आणि ३५ आठवड्यांचे बाळ यांच्या गरजांत फार मोठा फरक असतो, आणि म्हणूनच रुग्णालयात पाऊल टाकताच पहिला प्रश्न येतो तो "किती आठवडे?" हा.

आपल्याकडे घरात महिन्यांचा हिशेब चालतो आणि तोही नेमका नसतो. "सातवा लागला" म्हणणारी बाई २६ आठवड्यांची असू शकते आणि "सातवा सरला" म्हणणारी ३१ आठवड्यांची. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात आणि त्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे, पूर्ण होतात ती संभाव्य तारीख असते. पाळी अनियमित असेल तर पहिल्या तीन महिन्यांत केलेल्या सोनोग्राफीवरून ठरलेली तारीख अधिक विश्वासाची. नंतरच्या सोनोग्राफीत बाळाच्या वाढीनुसार वेगळी तारीख छापून आली, तरी मूळ तारीख आपण बदलायची नसते. दर आठवड्याच्या ठरलेल्या वारी कॅलेंडरवर आठवड्याचा आकडा लिहून ठेवा, म्हणजे तुम्ही बोलण्याच्या स्थितीत नसलात तरी घरातले कोणीही तो वाचून सांगू शकेल.

इथेच एका समजुतीबद्दल स्पष्ट बोलायला हवे. सातव्या महिन्यातले मूल जगते आणि आठव्यातले जगत नाही, असे अनेक घरांत आजही सांगितले जाते. हे खरे नाही. पोटात काढलेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फुप्फुसांना, मेंदूला आणि वजनाला उपकारकच असतो, आणि आठव्या महिन्यातल्या बाळाची स्थिती सातव्यातल्या बाळापेक्षा सर्वसाधारणपणे चांगली असते. या समजुतीमुळे ३३व्या आठवड्यात कळा आलेली बाई आधीच खचून जाते, म्हणून ती घरातल्या मोठ्यांसमोरही नम्रपणे, पण ठामपणे खोडून काढावी.

तुमची जोखीम नेमकी कोणती, हे विचारून घ्या

"हाय रिस्क" असा शिक्का कार्डावर मारला जातो, पण तो कशासाठी मारला हे अनेकींना माहीतच नसते. पोटात जुळी आहेत का, आधीची प्रसूती लवकर झाली होती का, गर्भपिशवीचे तोंड सोनोग्राफीत आखूड दिसले का, वार (प्लासेंटा) खाली आहे का, रक्तदाब किंवा साखर वाढली आहे का, गर्भजल जास्त आहे का, लघवीत वारंवार जंतुसंसर्ग होतो का, रक्त कमी आहे का, हे डॉक्टरांना विचारून एका कागदावर आपल्या भाषेत लिहून घ्या. सरकारी दवाखान्यात जात असाल तर दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली डॉक्टरांकडून तपासणी होते. तिथे हे सगळे विचारण्याचा तुम्हाला पुरेपूर हक्क आहे.

कारण महत्त्वाचे यासाठी, की तेच लक्षण प्रत्येकीसाठी वेगळा अर्थ घेऊन येते. वार खाली असलेल्या बाईला रक्तस्राव झाला, तर रुग्णालयात शिरताच ही गोष्ट सांगणे अत्यावश्यक आहे, कारण सोनोग्राफी पाहिल्याशिवाय तिची हाताने आतून तपासणी करायची नसते. रक्तगट निगेटिव्ह असेल तर थोड्या रक्तस्रावानंतरही विशिष्ट इंजेक्शन साधारण ७२ तासांच्या आत लागू शकते. आणि पिशवीचे तोंड अकाली उघडू नये म्हणून त्याला टाका घातलेला असेल तर नियमित कळा घरी सोसत बसणे अधिकच धोक्याचे, कारण टाका जागेवर असताना जोराच्या कळा आल्या तर तोंडाला इजा होऊ शकते.

या टाक्याचे नाते आपल्या मातीशी आहे, हे मला स्वतःला टाका पडल्यावर कळले आणि त्याने का कोण जाणे धीर आला. गोव्यातील शिरोड्याला जन्मलेले आणि मुंबईत काम केलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी १९५५ साली ही शस्त्रक्रिया वैद्यकीय जगापुढे मांडली, आणि आजही जगभर ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. टाका सहसा ३६ ते ३७ आठवड्यांच्या सुमारास काढतात. तुमचा कधी काढायचा ती तारीख फाईलवर लिहून घ्या.

जोखमीतल्या काही गोष्टी आपल्या हातातही असतात. मशेरी किंवा तंबाखू लावण्याची सवय असेल तर ती लपवू नका. तिचा संबंध कमी वजनाच्या आणि लवकर होणाऱ्या बाळांशी आहे, आणि सोडण्यासाठी गरोदरपणातला कोणताही दिवस उशिराचा नाही. लघवीला जळजळ झाली तर "उष्णता वाढली" म्हणून सब्जाचे पाणी पीत बसण्याऐवजी लघवी तपासून घ्या, कारण साधा दिसणारा मूत्रसंसर्गही कळा सुरू करू शकतो.

भीतीची वेळ येण्याआधी करायची तयारी

२४ आठवडे पूर्ण होण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर तयार असले पाहिजे : आज रात्री कळा आल्या, तर कुठे जायचे? जवळचे रुग्णालय आणि योग्य रुग्णालय ही दोन वेगळी असू शकतात. जिथे कमी दिवसांच्या बाळासाठी अतिदक्षता विभाग आहे, तिथे प्रसूती होणे आणि प्रसूतीनंतर बाळाला रुग्णवाहिकेतून तिथे नेणे यांत बाळाच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. लोक "बाळाला काचेच्या पेटीत ठेवले" म्हणतात. प्रवासासाठी मात्र आईच्या पोटाइतकी सुरक्षित पेटी नाही. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा, की तुमच्याकडे किती आठवड्यांपर्यंतचे बाळ सांभाळता येते आणि त्याहून लहान असेल तर मला कुठे पाठवाल. सरकारी व्यवस्थेत जिल्हा रुग्णालये, स्त्री रुग्णालये आणि वैद्यकीय महाविद्यालयांत नवजात बाळांसाठी विशेष कक्ष असतात.

पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाण्याचा प्रश्नही इथेच येतो. ही रीत प्रेमाची आहे आणि आईच्या हाताखाली विश्रांती मिळते, हेही खरे. पण जोखमीच्या गरोदरपणात सातव्या महिन्यात एसटीने किंवा गाडीने सात-आठ तासांचा प्रवास करून, जिथे रात्री भूलतज्ज्ञ मिळत नाही अशा गावी जाणे शहाणपणाचे नाही. माहेरी जायचेच असेल तर लवकर, डॉक्टरांच्या संमतीने, आणि तिथल्या प्रसूतितज्ज्ञांकडे आधी नाव नोंदवून जावे. नाही तर आईला आपल्याकडे बोलवावे. डोहाळजेवणाबाबतही तेच : ओटी घरातल्या चार जणींनी बसल्या जागी भरली तरी ती भरली जातेच, त्यासाठी तीन तास सभागृहात ताटकळण्याची गरज नाही.

फाईलमध्ये सगळ्या सोनोग्राफी, रक्त-लघवीचे अहवाल, रक्तगट, सुरू असलेल्या गोळ्यांची यादी, ॲलर्जी, आणि सर्वांत वर एक पानभर सारांश ठेवा : नाव, वय, आठवडे मोजण्याची मूळ तारीख, कितवे गरोदरपण, जोखमीचे कारण, टाका आहे की नाही, बाळाच्या फुप्फुसांसाठीची इंजेक्शने आधी दिली असतील तर कोणत्या तारखेला. त्या पानाचा फोटो नवऱ्याच्या, आईच्या आणि शेजारच्या एका विश्वासू माणसाच्या फोनमध्ये असू द्या. पिशवीत दोन सैल गाऊन, स्वच्छ पॅड, आधारकार्ड, माता व बाल संरक्षण कार्ड, चार्जर आणि थोडी रोख रक्कम पुरते. बाळाचे कपडे जमले नाहीत म्हणून निघणे थांबवू नका.

महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर आपत्कालीन रुग्णवाहिका मिळते आणि १०२ क्रमांकाची सेवा गरोदर माता व नवजात बाळांसाठी आहे. २०११ साली सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, आहार, घरापासून रुग्णालयापर्यंतचा आणि एका रुग्णालयातून दुसऱ्यात नेण्याचा प्रवास विनामूल्य आहे, आणि आजारी नवजात बाळाचे उपचारही त्यात येतात. खाजगी रुग्णालयातील नवजात अतिदक्षता विभागाचा खर्च फार मोठा होऊ शकतो, म्हणून तिथे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू आहे का, हे आरोग्यमित्राकडे (रुग्णालयात या योजनेची माहिती देणाऱ्या माणसाकडे) आधीच विचारून ठेवा. कळा देत असताना हे विचारायला कोणाचे मन थाऱ्यावर नसते. आशाताईंचा नंबर फोनमध्ये असलाच पाहिजे. गाडी मिळवण्यात त्यांच्याइतका अनुभव क्वचितच कोणाला असतो.

नेमके काय जाणवते

चित्रपटात दाखवतात तशा किंकाळ्या मुदतपूर्व कळांत बहुधा नसतात. मला पहिल्यांदा जाणवले ते एवढेच, की पोट मिनिटभर टणक होते आणि मग सैल पडते. काही जणींची कंबर पाळी येण्याआधी भरून येते तशी भरून येते, ओटीपोटात ओढ बसते, मांड्यांकडे दुखणे उतरते, खाली जड जड वाटते, जणू बाळ खाली दाबत आहे. काहींना मुरडा येऊन शौचाला लागल्यासारखे होते. अंगावरून जाण्याचे प्रमाण अचानक वाढणे, ते पाण्यासारखे, चिकट किंवा गुलाबी होणे हीदेखील लक्षणेच आहेत.

याउलट गर्भपिशवी गरोदरपणभर अधूनमधून आकसतच असते. १८७२ साली जॉन ब्रॅक्स्टन हिक्स या इंग्रज डॉक्टरांनी या आकुंचनांचे वर्णन केले आणि त्यांचेच नाव त्यांना पडले. आपण त्यांना खोट्या कळा म्हणतो. त्या अनियमित असतात, कुशीवर झोपल्यावर किंवा चालण्याची गती कमी केल्यावर विरतात, वाढत जात नाहीत. मात्र हा फरक पुस्तकात जितका स्वच्छ दिसतो तितका अंगावर येत नाही. खऱ्या कळा कोणत्या हे शेवटी गर्भपिशवीचे तोंड उघडत आहे की नाही यावर ठरते, आणि ते घरी कळण्याचा कोणताही मार्ग नाही. तुम्हाला फरक ओळखता आला नाही, तर तो तुमचा कमीपणा नव्हे. अनुभवी परिचारिकेलाही तो नुसत्या बोलण्यावरून ओळखता येत नाही.

शंका आली की पहिला एक तास

आधी लघवी करून या, कारण भरलेले मूत्राशय पिशवीला चेतवते. एक-दोन भांडी पाणी प्या. अंगातले पाणी कमी झाल्यानेही पोट कडक होते, विशेषतः एप्रिल-मे महिन्यांत. पाण्याने खऱ्या कळा थांबत नाहीत, पण उन्हाने आलेल्या कळा शमू शकतात. मग डाव्या कुशीवर, पाठीला उशी लावून आडवे व्हा आणि बोटांची टोके पोटाच्या वरच्या भागावर हलकेच ठेवा. सैल पोट गालासारखे लागते आणि आकसलेले पोट कपाळासारखे. कडकपणा सुरू झाल्याची वेळ लिहा, सैल पडल्याची वेळ लिहा. एका कळेच्या सुरुवातीपासून दुसऱ्या कळेच्या सुरुवातीपर्यंत जितका वेळ जातो ते अंतर. मनात मोजू नका, कागदावर लिहा. घाबरलेल्या मनाला दहा मिनिटे चार वाटतात.

तासाभरात चार किंवा त्याहून अधिक वेळा पोट कडक झाले, अंतर कमी कमी होत गेले, किंवा आकडा कमी असूनही तुम्हाला काहीतरी वेगळे वाटत असेल, तर डॉक्टरांना किंवा प्रसूती कक्षाला फोन करा. बोलताना सुरुवातीपासूनची हकिकत सांगू नका. "मी ३० आठवड्यांची आहे, जुळी आहेत, टाका आहे, तासात पाच वेळा पोट कडक झाले, पाणी गेलेले नाही, रक्त नाही, बाळांची हालचाल आहे" एवढे एका दमात सांगितले की समोरच्याला निर्णय घेता येतो. जुळी असतील, टाका असेल किंवा आधीची प्रसूती लवकर झाली असेल, तर हा तासही पूर्ण भरण्याची वाट पाहू नका.

या तासात काय करायचे नाही तेही सांगते. पोट चोळून घ्यायचे नाही, सुईणीकडूनही नाही. एरंडेल घ्यायचे नाही. मागच्या वेळच्या उरलेल्या किंवा शेजारणीच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत. बोट घालून स्वतः तपासायचे नाही.

जेव्हा तास मोजायचाच नाही

योनीतून पाणी गेले, मग ते घागर फुटल्यासारखे असो किंवा सतत पाझरणारे, तर थेट निघावे. लघवी की गर्भजल असा संभ्रम असेल तर कोरडे पॅड लावा आणि वाटेत पाहा : गर्भजल बहुधा बिनरंगी, फिकट पिवळसर किंवा गुलाबी असते, त्याला लघवीचा उग्र वास नसतो आणि उठल्यावर पुन्हा येते. ते हिरवट असेल किंवा दुर्गंधी असेल तर ही गोष्ट पोचताच सांगा, आणि वापरलेले पॅड पिशवीत घालून सोबत न्या, लाजू नका. लाल रक्त जाणे, कळांच्या मध्येही पोट सैल न पडणे, ताप किंवा थंडी वाजणे, डोके प्रचंड दुखून डोळ्यांपुढे चमकणे, झटके येणे, चक्कर येऊन पडणे, पोटावर मार बसणे, किंवा बाळाची हालचाल स्पष्टपणे कमी होणे, यांपैकी काहीही झाले तर फोन गाडीत बसल्यावर करा. २८ आठवड्यांनंतर हालचालीबद्दल शंका असेल तर कुशीवर शांत पडून लक्ष द्या; दोन तासांत दहा हालचाली जाणवल्या नाहीत तर रुग्णालयात जा. खाली नाळेसारखे काही आल्याचे जाणवले तर गुडघ्यांवर व कोपरांवर ओणवे होऊन कंबर उंच ठेवा, ते आत ढकलू नका, आणि १०८ला तसे शब्द वापरूनच कळवा.

रुग्णालयात काय होते आणि काय विचारावे

रक्तदाब, ताप, पोटाची तपासणी, बाळाचे ठोके आणि कळा नोंदवणारा पट्टा, लघवी व रक्ताच्या तपासण्या हे सहसा सगळीकडे होते. पाणी गेल्याची शंका असेल तर उपकरणाने पाहतात आणि उगीच बोटाने तपासणे टाळतात, कारण त्याने जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. जिथे सोय आहे तिथे आतून सोनोग्राफी करून गर्भपिशवीच्या तोंडाची लांबी मोजतात. कळा येत असूनही ती ३० मिलिमीटरहून अधिक असेल, तर पुढच्या आठवड्याभरात प्रसूती होण्याची शक्यता बरीच कमी असते. हा आकडा स्वतः विचारून फाईलवर लिहून घ्या, कारण पुढच्या खेपेला त्याच्याशीच तुलना होणार असते. आतून सोनोग्राफी केल्याने कळा येतील, ही भीती मनातून काढा.

प्रसूती जवळ आली असे वाटले आणि तुम्ही साधारण २४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान असाल, तर सर्वांत मोलाचे औषध तुम्हाला दंडात किंवा मांडीत दिले जाते आणि काम मात्र बाळाच्या फुप्फुसांत करते. न्यूझीलंडमधील ग्रॅहॅम लिगिन्स आणि रॉस हॉवी यांनी १९७२ साली दाखवून दिले, की आईला स्टिरॉइड दिले तर लवकर जन्मलेल्या बाळांचा श्वासाचा त्रास कमी होतो. डेक्सामेथासोन असेल तर १२-१२ तासांनी ६ मिलिग्रॅमची चार इंजेक्शने, बीटामेथासोन असेल तर २४ तासांच्या अंतराने १२ मिलिग्रॅमची दोन. पहिल्या मात्रेनंतर साधारण २४ तासांपासून सात दिवसांपर्यंत त्याचा सर्वाधिक लाभ होतो. म्हणून दुसऱ्या रुग्णालयात हलवायचे ठरले, तर "निघण्याआधी पहिली मात्रा देता येईल का?" हा प्रश्न नक्की विचारा. सरकारी मार्गदर्शक सूचनांनुसार पुढे पाठवण्याआधी ही पहिली मात्रा प्रशिक्षित एएनएम सिस्टरही (आरोग्यसेविका) देऊ शकतात. मधुमेह असेल तर या इंजेक्शनांनी काही दिवस साखर वाढते, तेव्हा ती अधिक वेळा तपासावी लागते.

कळा थांबवण्यासाठी दिलेली गोळी, बहुतेकदा निफेडिपिन, बाळंतपण आठवडेच्या आठवडे पुढे ढकलेल अशी अपेक्षा ठेवू नका. तिचा उद्देश साधारण ४८ तास मिळवणे हा असतो, म्हणजे स्टिरॉइडला काम करायला आणि तुम्हाला योग्य रुग्णालयात पोचवायला वेळ मिळतो. त्या गोळीने डोके दुखते, चेहरा तापतो, उठताना भोवळ येते. एकटीने संडासला जाऊ नका. ३२ आठवड्यांच्या आत प्रसूती अटळ दिसली तर बाळाच्या मेंदूच्या रक्षणासाठी मॅग्नेशियम सल्फेट देतात, त्याने अंगभर ऊब पसरते आणि मळमळते, पण ते अपेक्षित आहे. पाणी गेले असेल तर प्रतिजैविके दिली जातात.

आणि बहुतेक वेळा यातले काहीच लागत नाही. अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने नोंदवले आहे, की ज्यांना मुदतपूर्व कळा असल्याचे निदान होते त्यांच्यातही पुढच्या सात दिवसांत खरोखर प्रसूत होणाऱ्या १० टक्क्यांहून कमी असतात. तेव्हा घरी पाठवले म्हणजे आपण उगाच आलो असे नाही. "पुन्हा तसेच झाले तर कोणत्या लक्षणाला यायचे?", "पुढची तपासणी कधी?" आणि "मला काय करायची मनाई आहे?" या तीन प्रश्नांची उत्तरे घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.

घरी आल्यावर : विश्रांती म्हणजे नेमके काय

"बेड रेस्ट" हा शब्द आपल्याकडे सढळ हाताने वापरला जातो. सर्व हालचाल बंद करून पडून राहिल्याने मुदतपूर्व प्रसूती टळते, असे अभ्यासांतून सिद्ध झालेले नाही. उलट पायात रक्ताच्या गाठी होणे, स्नायू कमजोर होणे आणि मन खचणे हे धोके वाढतात. म्हणून शब्दावर न थांबता तपशील विचारा. जिना चढू का, अंघोळ उभ्याने करू का, स्वयंपाक बसून केला तर चालेल का, थोरले मूल उचलू का, दुचाकीवर बसू का, नवरा-बायकोचे संबंध ठेवायचे का. हा शेवटचा प्रश्न संकोचामुळे राहून जातो, तो नवऱ्याने विचारावा. पाण्याचा हंडा, गॅस सिलिंडर, धुण्याची बादली उचलणे आणि तासन्‌तास उभे राहणे बंद, यावर मात्र फारसे दुमत नसते. पडून राहायला सांगितलेच असेल, तर दर तासाला पायांचे घोटे फिरवणे, भरपूर पाणी आणि बद्धकोष्ठ होऊ न देणारा आहार याकडे लक्ष द्या.

योनीत ठेवायची प्रोजेस्टेरॉनची गोळी दिली असेल तर ती ठरल्या वेळी, न चुकता. दर आठवड्याचे हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनचे इंजेक्शन सुरू असेल तर त्याविषयी डॉक्टरांशी बोला. परिणामकारकता सिद्ध न झाल्याने अमेरिकेच्या औषध नियामकाने एप्रिल २०२३ मध्ये त्याची मान्यता काढून घेतली. मनाने मात्र बंद करू नका.

नोकरी करत असाल तर मातृत्व लाभाच्या कायदेशीर तरतुदींनुसार २६ आठवड्यांच्या रजेतील आठ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात, आणि गरोदरपणातील आजार किंवा मुदतपूर्व प्रसूती यांसाठी कागदपत्रे दिल्यास आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजा मिळू शकते. डॉक्टरांचे प्रमाणपत्र भीतीच्या पहिल्या खेपेलाच मागून ठेवा.

मनाचे आणि घरच्यांचे

दुसऱ्यांदा परत पाठवल्यावर मला सर्वांत जास्त त्रास झाला तो लाजेचा. घरात कोणी काही बोलले नव्हते, तरी तिसऱ्या वेळी पोट कडक होऊ लागल्यावर मी कोणाला उठवायला कचरले. पुढे नवऱ्याने एक नियम केला, तो मला सर्वांत उपयोगी पडला : निघायचे की नाही हे मी ठरवायचे नाही, कागदावरचा आकडा ठरवेल, आणि आकडा गाठला की तो न विचारता गाडी काढेल. तुमच्या घरात हा नियम कोणी पाळायचा ते आजच ठरवा. सासूबाईंनाही त्यात घ्या. त्यांना पोटावर हात ठेवून कडकपणा मोजायला शिकवले, तर "आमच्या वेळी असे नव्हते" म्हणणारी माणसे सगळ्यांत चोख पहारेकरी होतात, हा माझा अनुभव आहे.

रात्री झोप न लागणे, प्रत्येक वेळी संडासला गेल्यावर रक्त आहे का हे तपासत राहणे, बाळाचे नाव घ्यायलाही मन न धजणे हे अनेकींना होते. दोन आठवड्यांहून अधिक काळ रडू येत राहिले, जेवण सुटले किंवा जगण्याविषयी नकोसे विचार येऊ लागले, तर तेही डॉक्टरांना सांगण्याचेच लक्षण आहे. १४४१६ या टेलिमानस (सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनी) क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.

आणि प्रसूती झालीच तर

कक्षात बालरोगतज्ज्ञ उपस्थित राहणार आहेत का, एवढे विचारून घ्या. बाळ स्थिर असेल तर नाळ लगेच न कापता साधारण मिनिटभर थांबता येईल का, हेही विचारता येते. बाळाला नवजात कक्षात नेले, तर पहिल्या काही तासांतच हाताने चीक काढायला परिचारिकेकडून शिकून घ्या आणि दर दोन-तीन तासांनी काढत राहा. सुरुवातीला चमच्याच्या तळाशी दिसेल इतकाच निघतो, आणि तेवढाच त्या दिवशी पुरतो. दूध येईनासे झाले तर दुग्धपेढीची, म्हणजे इतर मातांनी दान केलेले दूध मिळते त्या पेढीची, चौकशी करा. अशा पेढ्यांची आशियातील सुरुवात १९८९ साली मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी केली. आणि डॉक्टरांनी परवानगी देताच बाळाला उघड्या छातीवर, पायात मोजे व डोक्यात टोपी घालून, सरळ उभे धरा. १९७८ साली कोलंबियातील बोगोता येथे सुरू झालेली ही कांगारू पद्धत आता आपल्या जिल्हा रुग्णालयांतही शिकवतात. समोर बटणे असलेली सैल कुर्ती आणि मऊ ओढणी यासाठी पिशवीत आधीच ठेवा, आणि तुम्हाला उठता येत नसेल तर पहिली पाळी बाळाच्या बाबांनी घ्यावी. माझ्या मुलीला पहिले दोन दिवस त्यांनीच छातीवर धरले होते.